हवेला वाट

ड्रायरच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून तिने चादरीचे टोक बाहेर ओढले आणि गालाला लावून पाहिले. चादर चटका बसेल इतकी गरम होती, आणि तरीही ओली होती. सकाळी दहाला टाकलेले कपडे, आता एक वाजत आला होता. ही तिसरी फेरी.

"दमट आहेत अजून," ती म्हणाली.

"मग लाव आणखी एक फेरी," भिंतीला टेकून उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालत बसलेली सासू म्हणाली. "रविवार तर आहे. कुठं जायचंय?"

तिने चादर परत आत कोंबली, दार लावून बटण दाबले आणि मागच्या दाराच्या उंबऱ्यावर येऊन बसली. अर्धवट राहिलेली गोष्ट पुढे सुरू झाली. तिच्या बसमध्ये रोज सकाळी एक गृहस्थ फक्त एका थांब्यापुरते चढतात आणि उतरताना घोड्याच्या मानेवर थोपटावे तशी बसच्या दाराला थाप मारून जातात. सासूने विचारले, घरी कुणी असेल का त्यांच्या. ती म्हणाली, आपल्याला काय माहीत, आपण समोर बघून गाडी चालवायची. एवढ्यात वास आला. इस्त्री कापडावर जरा जास्त वेळ राहिली की येतो तसा. मग आत कुठेतरी टक् असा आवाज झाला आणि मशीन आपोआप बंद पडले. ड्रम सवयीने अर्धा वेढा फिरला आणि थांबला.

तिने उठून मशीनच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"म्हातारं झालं असेल," सासू म्हणाली. "जाऊ दे. होतं असं."

इथे एक गोष्ट सांगून टाकलेली बरी. कागदोपत्री या दोघी आता एकमेकींच्या कुणी नव्हत्या. सासूच्या मुलाचा आणि या सुनेचा चार वर्षांपूर्वी घटस्फोट झाला होता. आदळआपट न होता झाला. दोघांनी समोरासमोर बसून सह्या केल्या आणि तो दुसऱ्या शहरात नोकरीला निघून गेला. सासूच्या गुडघ्याचे ऑपरेशन तेव्हा नुकतेच झालेले. जिना चढायचा नाही म्हणून खालच्या मागच्या छोट्या खोलीत, कपडे धुण्याच्या खोलीला लागून, तिची खाट टाकली होती. पाय बरा होईपर्यंत राहू दे, असे तिघांच्या विचाराने ठरले. पाय सहा महिन्यांत बरा झाला. त्यानंतर तो विषय कुणीच काढला नाही. फक्त सह्या झाल्या त्या दिवसापासून सासूने तिला 'सूनबाई' म्हणायचे सोडले. दुसरे काय म्हणावे ते तिला सुचले नसावे. तेव्हापासून नुसते 'अगं'. सून मात्र 'आई'च म्हणत राहिली. सवय मोडायला सवड लागते, आणि ती तिच्याकडे नव्हती. तेव्हा आपणही त्यांना सासू आणि सूनच म्हणू.

सून शहरातली बस चालवायची. पहाटेची पाळी असली की अंधारात घर सोडायचे, दुपारची असली की दिवे लागल्यावर यायचे. आली की जेवायची, ताट घासायची आणि कठडा धरून जिना चढून वर जायची. दिवसभर पाठीमागे पन्नास माणसे बोलत असल्यामुळे घरी आल्यावर तिला शब्द नकोसे व्हायचे. सासूने एकतीस वर्षे हातमोज्यांच्या कारखान्यात बोटे शिवली होती. हजार बायकांच्या गलक्यात जन्म गेला आणि आता दिवसभर फ्रीजची घरघर ऐकत बसायची. रविवार हा धुण्याचा दिवस. तेवढा एकच दिवस दोघी एका खोलीत असायच्या.

आणि तेही आता संपत आले होते. मुलाने दुसरे लग्न केले होते, त्याला मुलगी झाली होती, ती आता सात महिन्यांची होती, आणि तिच्या आईची रजा संपली होती. येत्या शनिवारी तो गाडी घेऊन आईला न्यायला येणार होता. आईने त्याला फोनवर 'बघू' म्हटले होते. त्याने तो होकार धरला. सासूने कपाटावरची बॅग खाली काढून खुर्चीवर उघडून ठेवली होती, पण तिच्यात अजून काही पडले नव्हते. मुलाने सुनेलाही विचारले होते, तुझे काय मत. ती म्हणाली होती, ते तुम्ही मायलेकरांनी ठरवायचं, मी मध्ये येत नाही. असे म्हणणेच शहाणपणाचे आहे असे तिला वाटले होते.

सोमवारी शेवटच्या थांब्यावर बस उभी असताना तिने ड्रायर दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला. त्याच्याकडे दहा दिवस सवड नव्हती, पण माणूस बोलका निघाला. मशीन गरम होतं का, त्याने विचारले. होतं. ड्रम फिरतो का. फिरतो. मग बाई, तो म्हणाला, तुमच्या मशीनला काही झालेलं नाही, त्याला दमा झालाय. आत घेतलेली हवा बाहेर सोडायला वाट नाही. मागचा पाईप काढा, साफ करा, चेपला असेल तर बदला. चुण्याचुण्यांचा असेल तर फेकूनच द्या, गुळगुळीत पत्र्याचा घाला. जोडाला स्क्रू मारू नका, त्यांच्या टोकांना कपड्यांची लव अडकते. पत्र्याची चिकटपट्टी लावा. आणि मग मशीन चालू ठेवून बाहेर जा, भिंतीतून हवा निघते तिथं कागद धरा. कागद फडफडला पाहिजे. फडफडला नाही तर वापरू नका. या शेवटच्या वाक्याला त्याचा आवाज बदलला. ती लव म्हणजे पेटायला टपलेला कापूस असतो, तो म्हणाला. एका घराची भिंत मी काळी झालेली पाहिली आहे.

तिने बुधवारची पाळी बदलून घेतली आणि येताना काखेत पाईप घेऊन आली.

"कशाला एवढा घाट घालतेस?" सासू म्हणाली. "एकटीचे कपडे असे कितीसे निघणार आता?"

सुनेच्या हातातला पेचकस क्षणभर थांबला. 'बघू'च्या पलीकडचे एवढे स्पष्ट काही सासू आजवर बोलली नव्हती. पण तिने वर पाहिले नाही.

"एकटीचे असले तरी वाळायला नकोत?" ती म्हणाली आणि मशीनला मिठी मारून ते भिंतीपासून ओढू लागली.

मशीन कुरकुरत, एकेक पाय पुढे टाकत बाहेर आले. मागे एक जोडीदार हरवलेला मोजा, दोन बटणे आणि राखाडी लवेचा जाड थर. पाईप चंदेरी, पेटीच्या भात्यासारखा चुण्याचुण्यांचा. एका जागी कधीतरी मशीन रेटल्यामुळे चपटा झालेला. तिने तो काढला. आतली लव हाताने ओढली, ती ओल्या लोकरीसारखी लांबच लांब निघत राहिली. मग भिंतीतल्या भोकात व्हॅक्यूम क्लीनरची नळी घातली, खांदा भिंतीला टेकवून आत बाहेर केली. दारामागची जाळी काढून पाहिली तर ती लख्ख होती. ती दर फेरीनंतर सासूच पुसत असे. नवा पाईप मापाने कापला, जोडांना चिकटपट्टी गुंडाळली, नखाने दाबून दाबून बसवली. सासू दारात उभी राहून कात्री दे म्हटले की कात्री, पट्टी दे म्हटले की पट्टी देत होती. एरवी ती अशा वेळी दहा सूचना करायची. आज तोंडातून शब्द नव्हता.

सुनेने मशीन परत जागेवर ढकलले, मागे वीतभर जागा ठेवली, एक ओला टॉवेल आत टाकून चालू केले.

"बाहेर जाऊन बघते हवा येते का."

"आधी चहा घे ना," सासू म्हणाली.

"आल्यावर घेते."

"बाहेर चिखल आहे."

सुनेने तिच्याकडे पाहिले. चिखल वगैरे काही नव्हते. सासू स्टुलावर बसली आणि पदराचे टोक बोटाला गुंडाळू लागली.

मागच्या भिंतीवर, कंबरेइतक्या उंचीवर, हवा बाहेर सोडणारे तोंड होते. त्यावर पत्र्याची टोपी, आत लोंबती झडप. पुढ्यात कचऱ्याचा डबा आणि त्याला टेकवलेला उभा झाडू, त्यामुळे येताजाता कधी नजर जात नसे. तिने डबा सरकवला आणि कागदाची पट्टी टोपीखाली धरली. आत मशीन घरघरत होते. कागद हलला नाही. तिने वाकून झडप बोटाने उचलायचा प्रयत्न केला. झडपेआड काहीतरी मऊ लागले. बोटाला एक छोटा फास लागला, तो धरून तिने ओढले.

फट्कन गरम हवेचा झोत तोंडावर आला, साबणाच्या वासाचा, आणि त्याबरोबर लवेचे पुंजके तिच्या केसांवर, भुवयांवर येऊन बसले. हातात तळव्याएवढी गोल गादी होती. तिच्याच जुन्या निळ्या गणवेशाच्या कापडाची, आत कापूस भरलेली, कडेने दुमडून शिवलेली. बाहेर ओढता यावी म्हणून एका बाजूला काज्याच्या टाक्याने केलेला फास. टाके सगळे एका मापाचे, एकमेकांना खेटून. असे टाके घालणारे दुसरे माणूस तिच्या माहितीत नव्हते.

आधी तिला राग आला. रविवारचा तो वास नाकात परत आला. मशीन आपणहून बंद पडले नसते तर? आणि भिंतीपलीकडे खाट कुणाची होती? ती तशीच ताडकन आत जाणार होती. पण उठताना तिची नजर छोट्या खोलीच्या खिडकीवर गेली. वर्षभर ऊन न येणारी बाजू. खिडकीच्या काचेला आतून ओल धरलेली. तिला आठवले, सासू घरातही शाल घेऊन असते. आणि रविवारी या मागच्या खोलीत शिरले की अंगावर ऊब येते. हवा बाहेर गेली तर ऊबही जाणार. म्हणून तोंड बंद करून ठेवले.

ती तिथेच डब्याशेजारी उकिडवी बसली. चार वर्षे. एक हीटर मागायला माणूस चार वर्षे कचरते, आणि आपल्याला पत्ता नाही. मागणार तरी कोणत्या तोंडाने? घर कुणाचे, सून कुणाची? आपण जेवतो, ताट घासतो, वर जातो. तिने कधी विचारले होते का, आई, खोलीत गार पडतं का?

गादी तिने जाकिटाच्या खिशात टाकली. केस झटकले. आत गेली.

"निघाला का कचरा?" सासूने विचारले. तिची नजर चहाच्या कपावर होती.

"निघाला."

रविवारचे दमट राहिलेले कपडे टाकले, ते चाळीस मिनिटांत वाळले. कडक, कोरडे, हाताला खरखरीत लागणारे. सासूने भराभर घड्या घातल्या. टोपली भरली. दहा-बारा मिनिटांत काम संपले, आणि मग दोघींना त्या खोलीत करायला काहीच उरले नाही. सून टोपली घेऊन वर गेली.

संध्याकाळी तिने त्याला फोन केला. घटस्फोटानंतर स्वतःहून केलेला हा तिसरा किंवा चौथा फोन असेल. तिने सांगितले की आईंना घेऊनच जा. इथली खोली गार आहे, त्यांना त्रास होतो, त्या बोलून दाखवत नाहीत. तुझ्याकडे सगळीकडे ऊन येतं, बाळही आहे, त्यांचं मन रमेल.  तो म्हणाला, तू एवढं केलंस तेच खूप झालं. त्यात उपरोध नव्हता, आणि तेच तिला जास्त लागले.

गुरुवारी तिने एक छोटा हीटर आणून सासूच्या खाटेशेजारी ठेवला. दोन दिवसांसाठी कशाला, सासू म्हणाली, पण पाहुण्याने आणलेली भेट ठेवून घ्यावी तशी तिने त्याची जागा ठरवून दिली. शुक्रवारी पाळी संपवून सून घरी आली तेव्हा ऊन अजून अंगणात होते. ती छोट्या खोलीत डोकावली. बॅग अर्धी भरली होती. हीटर बंद होता, आणि खिडकी बोटभर उघडी.

"हीटर लावला नाही?"

"उकडतं त्यानं."

सून तशीच उभी राहिली. काही बोलायचे नाही असे तिने बुधवारीच ठरवले होते. म्हाताऱ्या माणसाला जाता जाता लाजवायचे कशाला. पण त्या उघड्या खिडकीने तिचे ठरवलेले सगळे विस्कटले. तिने खिशातून गादी काढली आणि खाटेवर, घडी घातलेल्या पातळांशेजारी ठेवली.

"आई, थंडी वाजत होती तर मला सांगायचं. मशीनचं तोंड कशाला बांधायचं?"

सासूने गादी उचलली. उलटीसुलटी करून पाहिली, कारखान्यात दुसऱ्या बाईचे काम तपासायला आल्यासारखी. अंगठा कडेवरून फिरवला.

"एक टाका उसवलाय," ती म्हणाली. आणि मग, "थंडी कुणाला वाजत होती?"

"मग हे कशासाठी?"

सासूने एक पातळ उचलून त्याची घडी मोडली आणि पुन्हा घालू लागली. बोलली तेव्हा पातळाकडे बघूनच बोलली, आणि सांगितले ते इतके सरळ होते की मध्ये काही विचारायला जागा राहिली नाही. मशीन धड होते तेव्हा सून कपडे टाकून वर जायची. पाऊण तासाने यायची, टोपली भरायची, परत वर. मग मागच्या पावसाळ्यानंतर एकदा फरशी पुसताना मशीन भिंतीला रेटले गेले आणि मागे पाईप चेपला. त्या रविवारी कपडे वाळेनात. आता होतील, मग होतील म्हणत सून उंबऱ्यावर तीन तास बसली. पहिला तास नुसती बसली. दुसऱ्या तासाला बसमागे तीन थांबे पळत आलेल्या कुत्र्याची गोष्ट सांगितली. तिसऱ्या तासाला रडली.

"मी रडले नव्हते," सून म्हणाली.

"मशीनचा आवाज होता. तुला वाटलं, मला ऐकू येत नाही."

सून खाटेच्या काठावर बसली.

"सह्या केल्यास तेव्हा रडली नाहीस," सासू म्हणाली. "तो गेला तेव्हा नाही. चार वर्षांत एकदा नाही. त्या दिवशी रडलीस आणि संध्याकाळी दोनदा वाढून घेऊन जेवलीस. पुढच्या रविवारी तू मशीन चार बोटं पुढं ओढलंस. ते चाळीस मिनिटांत वाळवायला लागलं, आणि तू परत वर." तिने पातळ बॅगेत ठेवले. "तू बसत नाहीस गं कुठं. दिवसभर बसून असतेस आणि तरी बसत नाहीस."

अंगणातून शेजारच्या घराचे फाटक वाजल्याचा आवाज आला. सुनेने हाताच्या पाठीने नाक पुसले. मग तिला रविवारचा वास आठवला आणि तिने तोही सांगून टाकला, कारण तो सांगायलाच हवा होता. आग लागली असती, आई. ती लव पेटते. तुमची खाट भिंतीपलीकडं आहे.

"आग?" सासूने विचारले. "कपड्यांना?"

"घराला."

सासू खाली बसली. गादी तिच्या मांडीवर होती आणि तिच्याकडे ती आता दुसऱ्याच कुणाची वस्तू असल्यासारखी बघत होती. मग म्हणाली,

"मला वाटलं, नुसता वेळच लागेल."

सुनेने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावर, नेमका शिवणीवर, आणि तो तिथेच राहू दिला. खिडकीच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्याने पडद्याची कड हलत होती. सासूने शेवटी डब्यातून छोटी कात्री काढली आणि गादीचे टाके एकेक करून उसवायला लागली. कापूस चांगला आहे, ती म्हणाली, टाकायला नको.

"त्याला काय सांगितलंस तू?" तिने उसवता उसवता विचारले.

"सांगितलं, तुम्हाला इथं थंडी वाजते."

"मग आता काय सांगशील?"

सुनेने जरा विचार केला.

"उकडतं, असं सांगते."

सासू हसली नाही, पण कात्री हातात धरून ती थोडा वेळ थांबली, आणि मग पुढचा टाका कापला.

शनिवारी तो अकराच्या सुमारास आला. गाडी पुसून आणली होती, मागच्या सीटवर आईला टेकायला उशी ठेवली होती. बाळाचे फोटो दाखवले. सासूने एकेक फोटो हातभर लांब धरून पाहिला, नाक कुणावर गेले आहे ते सांगितले आणि दोन दातांचे कौतुक केले. चहा झाला. त्याने घड्याळाकडे पाहिले, उठला, छोट्या खोलीत जाऊन बॅग उचलली. ती हलकी लागली म्हणून त्याने उघडून पाहिली. आत विणलेली दोन टोपडी, इवल्याशा हातमोज्यांचा एक जोड आणि पाच-सहा दिवस पुरतील एवढी पातळे होती.

"एवढंच?" तो बाहेर येऊन म्हणाला.

"टोपडी आणि मोजे आज घेऊन जा," सासू म्हणाली. "मी सोमवारी येते, बसनं. शनिवारपर्यंत राहीन. दर महिन्याला एक आठवडा येत जाईन. तुझ्या बायकोला विचार, चालेल का."

तो आईकडे आणि मग सुनेकडे बघत राहिला. सुनेने चहाचे कप गोळा करायला घेतले. तीन तास गाडी चालवून आलेल्या माणसाला जेवढा वैताग यावा तेवढा त्याला आलाच. हे आधी सांगता आलं नसतं का, त्याने विचारले. आणि सोमवारी कशाला, आलोच आहे तर आज चल. एक दिवसानं असं काय होणार आहे?

"उद्या रविवार," सासू म्हणाली. "रविवारी आमचे कपडे असतात."

"कपडे?" त्याला हसू आले. मग तो सुनेला म्हणाला, "मशीन दुरुस्त झालं म्हणालीस ना तू?"

"झालंय," ती म्हणाली. कप तिने एकात एक ठेवले. "पण वेळ लागतो."

दाराशी जाऊन चपला घालताना तो थांबला आणि म्हणाला, काही काम असेल तर सांगा, आलोच आहे तर करून जातो. सुनेने क्षणभर विचार केला आणि त्याला वर घेऊन गेली. तिच्या खोलीत एक जड आरामखुर्ची होती, जिचा उपयोग कपडे टाकून ठेवण्यापलीकडे कधी झाला नव्हता. ती त्याने उचलली, जिन्याच्या वळणावर कठड्याला एकदा आपटली, धापा टाकत खाली आणली आणि मागच्या खोलीच्या दारात उभा राहिला.

"कुठं ठेवू?"

"इथंच, मशीनसमोर," सून म्हणाली.

"तिथं नको," आतून सासूचा आवाज आला. "दाराकडं ठेव. तिला पाय लांब करायला लागतात."

त्याने खुर्ची दाराकडे नेली, टेकवली, आणि मग पुन्हा उचलून आणखी थोडी मागे सरकवली.